खोक्याची पाठ

दिवाळी आटोपली की अर्जुनी मोरगाव तालुक्यात धानाची कापणी आणि नाटकांची जाहिरात बरोबरच सुरू होते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, लागतात, आणि पटाच्या रात्री गावात नाटक नसेल तर पाहुण्यांनी मुक्काम करायचा कशासाठी, असा प्रश्न उरतो. अर्जुनी स्थानक ज्या गोंदिया-चांदाफोर्ट रेल्वेमार्गावर आहे, त्याच मार्गावर दक्षिणेला वडसा लागतं, म्हणजे देसाईगंज. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचं ते मोठं ठाणं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत या कंपन्या हिवाळाभर फिरतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक संपेपर्यंत पहाट झालेली असते.

या रंगभूमीच्या नटांविषयी आता बरंच लिहिलं जातं. गडचिरोली जिल्ह्यातले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा झाडीपट्टीचं नाव राज्यभर पोचलं. दंडार, खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार आणि त्यांच्या सोबतीने वाढलेलं नाटक, हा प्रवासही अभ्यासकांनी मांडला आहे. मंचाच्या दोन्ही कडांना उभ्या असलेल्या ध्वनिवर्धकाच्या खोक्यांकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. पाहिलं तरी तोंडाकडे, जाळीकडे, फार तर वर रंगवलेल्या साउंड सर्व्हिसच्या नावाकडे. खोकं मागून उघडं आहे की बंद, हा प्रश्न नाटकवाल्यांना पडत नाही, प्रेक्षकांना तर नाहीच.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात मात्र याच प्रश्नावर पाऊणशे वर्षं वाद चालू आहे. मागून उघड्या खोक्याचा आवाज मोकळा आणि हवेशीर, बंद खोक्याचा आवाज घट्ट आणि ठोसेदार, असं तिथे सांगितलं जातं. जणू कुणीतरी कान लावून, विचार करून, आधी एक स्वर मनात धरला आणि मग त्यासाठी पाठ ठेवली किंवा काढली. इतिहास तसा नाही. खोक्याची पाठ बहुतेक वेळा उष्णतेने ठरवली, गाडीत मावणाऱ्या मापाने ठरवली, समोरच्या गर्दीने ठरवली. आवाज त्यातून जो निघाला तो निघाला. आवड नंतर जडली.

आधी थोडं शास्त्र, कारण त्यावाचून पुढचं काही कळणार नाही.

स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एका स्पीकरमधून दोन आवाज निघतात, एक पुढे, एक मागे, आणि दोघे एकमेकांच्या बरोबर उलटे. वरच्या पट्टीतल्या सुरांचं यात फारसं बिघडत नाही. त्यांच्या लहरी आखूड असतात आणि त्या सरळ जातात. खर्जाचं तसं नसतं. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तिची लहर चार मीटरहून थोडी जास्त लांब असते. एवढी लांब लहर ३० सेंटिमीटरच्या स्पीकरला सहज वळसा घालते, मागची लहर पुढच्या लहरीला भेटते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. टेबलावर नुसता ठेवलेला स्पीकर चिरका वाजतो तो याचमुळे. त्याला फळीत बसवलं, की मागच्या लहरीला पुढे यायला लांबचा रस्ता पडतो आणि थोडा खर्ज वाचतो. फळीच्या कडा मागे दुमडल्या की झालं मागून उघडं खोकं. मागचं तोंडही फळीने बुजवलं की मागची लहर आतच अडकते आणि काटाकाटी थांबते.

झाडीतल्या वादकाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. शाहिराचा डफ म्हणजे लाकडी कडं, त्यावर एक कातडं आणि मागची बाजू मोकळी. त्याचा आवाज खणखणीत, पण पोटात खोल जाणारा नाही. नगाऱ्यालाही कातडं एकच असतं, पण त्याच्यामागे बंद भांडं असतं, आणि म्हणून तो मैलभर घुमतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपल्या चर्मवाद्यांच्या कंपनांचा अभ्यास १९२० च्या सुमारास प्रसिद्ध केला. तबल्या-मृदंगाच्या शाईचं गणित त्यात होतं. कातड्यामागे काय आहे यावर नाद ठरतो, हे मात्र वाद्यं घडवणाऱ्यांना त्याच्या कित्येक शतकं आधी ठाऊक होतं.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, तो शंकूचा, गुंडाळीचा स्पीकर १९२५ साली आला. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्याची रचना शोधनिबंधातून मांडली आणि पुढच्याच वर्षी तो रेडिओसोबत बाजारात पोचला. फळीत बसवण्याची गरजही त्यांनीच दाखवून दिली होती. यानंतरची पंचवीसेक वर्षं स्पीकरचं मुख्य घर म्हणजे रेडिओचं खोकं. आणि रेडिओचं खोकं मागून उघडंच असायचं.

का? व्हॉल्व्ह तापत म्हणून. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत मर्फीचे रेडिओ अजून सापडतात. या कंपनीचा भारतातला कारखाना ठाण्यात होता. त्या रेडिओच्या मागे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची झडप असते. उष्णता तिथून बाहेर पडते, आणि मागचा आवाजही. रेडिओ भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये असं घरातली मोठी माणसं सांगत, ते तापण्याच्या भीतीने. पण वीतभर पुढे ओढलेला रेडिओ जास्त भरदारही वाजे, कारण मागची लहर भिंतीवर आपटून खोलीत परत येई. दिवाणखान्यातल्या त्या भरदार आवाजाचं श्रेय लोक कंपनीला देत. थोडं श्रेय भिंतीचंही होतं.

इथून गिटारच्या खोक्याचा रस्ता सरळ आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांचं १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. दुकानात येणारे वादक आपले बिघडलेले अॅम्प्लिफायर आणत, ते उघडता उघडता त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस स्वतःचे बनवायला घेतले. ते रेडिओवाल्याच्या हाताने घडले: लाकडी पेटी, पुढे कापडाची जाळी, वरच्या कडेला टांगलेली व्हॉल्व्हची चौकट आणि मागे मधोमध मोकळी फट. तापलेले व्हॉल्व्ह गार राहत, जळालेला व्हॉल्व्ह मागून हात घालून बदलता येई, वायर गुंडाळून आत टाकता येई. या यादीत सुराचा उल्लेख शेवटीही येत नाही.

गंमत म्हणजे पाठ बंद करण्याचा प्रयोगही फेंडर यांनीच लवकर केला. १९५२ साली त्यांनी बेस गिटारसाठी ‘बासमन’ नावाचा अॅम्प्लिफायर काढला, १५ इंची एक स्पीकर असलेला. बेस गिटारची जाड तार सेकंदाला ४१ वेळाच कंप पावते; उघड्या खोक्यात ती हरवली असती. म्हणून या खोक्याची पाठ बंद होती, तिला फक्त दोन गोल भोकं होती. दोन-तीन वर्षांत तो आराखडा बदलला. त्याच नावाखाली १० इंची चार स्पीकरांचं, मागून उघडं खोकं आलं. बेसवाल्यांना ते फारसं धार्जिणं नव्हतं. साध्या गिटारवाल्यांनी मात्र ते उचलून धरलं. बेससाठी केलेली वस्तू बेसवर कमी आणि गिटारवर जास्त गाजली, असं या धंद्यात बऱ्याचदा घडतं.

तोच बासमन पुढे लंडनला पोचला. हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रम आणि गिटारांचं दुकान होतं. अमेरिकन अॅम्प्लिफायर आयात करणं महाग पडे, म्हणून १९६२ मध्ये मार्शल आणि त्यांच्या कारागिरांनी बासमनच्या आराखड्यावरून स्वतःचा अॅम्प्लिफायर बनवला. सर्किट जवळपास तेच. खोकं मात्र वेगळं. १२ इंची सेलेस्टियन स्पीकर चार, आणि पाठ पूर्ण बंद. त्यात मोठा ध्वनिशास्त्रीय विचार होता असं समजण्याचं कारण नाही. चार स्पीकर ज्यात मावतील अशी सगळ्यात लहान पेटी केली, कारण ती गाडीत घालून न्यायची होती, असं खुद्द मार्शल सांगत. वरची बाजू तिरपी केली तीही मुख्यतः वर ठेवायच्या अॅम्प्लिफायरशी मापाने जुळावी, दिसायला बरी दिसावी म्हणून. अॅम्प्लिफायर आता वेगळ्या डब्यात गेल्यामुळे व्हॉल्व्हची उष्णता स्पीकरच्या खोक्यात राहिलीच नाही; पाठ उघडी ठेवण्याचं मूळ कारणच संपलं.

त्या बंद, घट्ट पेटीने रॉक संगीताचा आवाज घडवला. आत कोंडलेली हवा शंकूला स्प्रिंगचा विरोध करते. शंकू सैरावैरा धावत नाही, जितकं ढकललं तितकाच हलतो आणि लगेच थांबतो. तळहाताने तार दाबून वाजवलेला ‘ठक्’ असा बंद आवाज त्यातूनच धारदार निघतो. बंद खोकं म्हणजे जास्त खर्ज, हा समज मात्र अर्धाच खरा. काटाकाटी थांबल्याने खर्ज वाचतो हे बरोबर. पण कोंडलेल्या हवेमुळे स्पीकरचा स्वतःचा घुमण्याचा सूर वर सरकतो. त्यामुळे छातीवर आदळतो तो सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांच्या आसपासचा ठोसा. त्याखालचा खोल खर्ज तिथेही बेताचाच असतो. १९६५ च्या सुमारास ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंड यांना याहून मोठा आवाज हवा होता. त्यांनी आठ स्पीकरांचं एकच खोकं मागितलं. ते बनलं, पण उचलणाऱ्यांच्या पाठी धरल्या. मग त्याचे दोन तुकडे करून ते एकावर एक रचले गेले, आणि जगभरच्या मंचांवर दिसणारी ती काळी भिंत अशा रीतीने हमालांच्या तक्रारीतून उभी राहिली.

ब्रिटनमध्येच तेव्हा दुसरी वाटही जोरात होती. व्हॉक्स कंपनीचा एसी-३० हा दोन स्पीकरांचा अॅम्प्लिफायर, मागून बराचसा उघडा, बीटल्सच्या हातात होता. १९७५ साली जपानच्या रोलँड कंपनीने जेसी-१२० आणला, तोही मागून उघडा. त्यात व्हॉल्व्ह नव्हतेच, ट्रान्झिस्टर होते. उष्णतेचं कारण उरलं नव्हतं तरी उघडी पाठ राहिली, कारण तोवर कानांना त्या आवाजाची चटक लागली होती. गरजेची जागा आवडीने घेतली ती ही अशी.

एकाच वादकाच्या हातात ही दोन्ही खोकी पाहायची तर लेड झेपेलिन या बँडच्या जिमी पेज यांच्याकडे पाहावं. १९६८ साली लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत पहिल्या अल्बमचं काम झालं, तेव्हा त्यांनी सुप्रो नावाचा छोटा, मागून उघडा अॅम्प्लिफायर वापरला. हजारोंच्या गर्दीपुढे मात्र त्यांच्यामागे मार्शलची बंद खोकी उभी असत. स्टुडिओत चार भिंती होत्या आणि पुढ्यात माइक होता; मैदानात यातलं काहीच नव्हतं. हेच पेज १९७२ मध्ये गायक रॉबर्ट प्लांट यांच्यासोबत मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केलं, आणि कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्याशा क्लबमध्ये स्थानिक मंडळींच्या उसन्या सामानावर वाजवलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बँडपैकी एकाचे दोघेजण, आणि अॅम्प्लिफायर मागून आणलेला!

मुंबईचा तो काळच तसा होता. परकीय चलन जपायचं म्हणून आयातीवर कडक निर्बंध होते. फेंडर किंवा व्हॉक्स दिसला तर तो कुणीतरी परदेशाहून येताना आणलेला असे. बाकी सगळा जुगाड लॅमिंग्टन रोडवर होई. व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे मिळत, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतले जात, आणि खोकं सुताराकडे. अशा वेळी पाठ ठेवायची की नाही हे बजेट ठरवी: एक फळी कमी म्हणजे तेवढे पैसे कमी. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत तोवर इलेक्ट्रिक गिटार रुळली होती. १९७१ च्या ‘दम मारो दम’ची सुरुवात भूपिंदर सिंग यांच्या गिटारने होते, ती तेव्हा गावोगावच्या रेडिओंवर पोचली, म्हणजे शेवटी पुन्हा मागून उघड्या खोक्यांतूनच.

झाडीपट्टीत मात्र गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू झाली. तिथे आधी आला भोंगा.

मुंबईत ‘शिकागो रेडिओ’ या नावाने मोटवाने कुटुंबाचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. सिंधमधून आलेल्या या कुटुंबाने १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या मोठमोठ्या सभांना माइक आणि कर्णे पुरवले. गांधी, नेहरू यांच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर हे नाव स्पष्ट दिसतं. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्या प्रकरणात नानिक मोटवाने यांनाही अटक झाली होती. दिल्लीच्या आहुजा कंपनीने १९४० पासून याच क्षेत्रात पाय रोवले आणि पुढे गावागावांतल्या मशीनवर तिचं नाव आलं.

भोंगा ही उघड्या-बंद पाठीच्या वादातली सगळ्यात टोकाची बाजू. त्याच्या मागच्या बाजूला जो जड डबा असतो, ज्याला मेकॅनिक युनिट म्हणतात, त्यात वाटीएवढा पडदा हलतो आणि त्याची पाठ पूर्णपणे बंद असते. पुढचा सगळा दाब कर्ण्याच्या अरुंद गळ्यातून हळूहळू रुंदावत बाहेर पडतो. साधा शंकूचा स्पीकर विजेपैकी जेमतेम एक ते पाच टक्के आवाजात बदलतो. कर्णा वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. वीज न पोचलेल्या गावात मोटारीच्या बॅटरीवर सभा आणि नाटक दोन्ही भागायचं ते त्यामुळे. जिथे पूर्वी नट नुसत्या गळ्यावर शेवटच्या ओळीपर्यंत शब्द पोचवत आणि टेंभे, मग गॅसबत्त्या जळत, तिथे बांबूवर दोन भोंगे बांधले की शब्द शिवारापर्यंत जाऊ लागले.

शब्द गेले, पण नाद गेला नाही. भोंग्याच्या गळ्यातून सेकंदाला अडीचशे-तीनशे कंपनांखालचा आवाज जवळपास बाहेर येत नाही. माणसाचं बोलणं त्यात कळतं, म्हणून भाषणाला तो उत्तम. पण ढोलकीची शाईची बाजू तेवढी ऐकू यायची आणि धूम, म्हणजे खर्जाची बाजू, बुडायची. ऑर्गनचं खालचं सप्तक पातळ व्हायचं. संगीत नाटकावर जीव असलेल्या झाडीत हा मोठा तोटा होता.

त्याची भरपाई निसर्ग एका वेगळ्या बाजूने करी. झाडीपट्टीचा हंगाम थंडीचा. पौषातल्या रात्री धान कापलेल्या बांध्यांवरची हवा आधी गार होते आणि तिच्या वरचा थर तुलनेने ऊबदार राहतो. ऊबदार हवेत ध्वनी किंचित वेगाने जातो, त्यामुळे वर चढू पाहणारा आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. दिवसा जो भोंगा गावकुसावर विरतो, तोच पहाटे तीनला दोन गावं ओलांडून स्पष्ट कानी पडतो. पलीकडच्या गावचं नाटक अंथरुणात पडून ऐकणारे लोक झाडीत नेहमीच होते, आणि त्यांनी तिकीट काढलेलं नसे, ही कंपनीवाल्यांच्या दृष्टीने या भौतिकशास्त्राची वाईट बाजू.

पुढे बिछायत केंद्रांत खोकी आली. विदर्भात मंडप, सतरंज्या, खुर्च्या, भांडी आणि लाऊडस्पीकर हे सगळं भाड्याने देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. तिथेच पुढे साउंड सर्व्हिसचे फलक लागले. आधी उभट कॉलम आले, एका बंद पेटीत एकाखाली एक बसवलेले लहान स्पीकर. मग मोठी खोकी, आणि अलीकडे बेस आणि टॉप अशी डीजेची मांडणी. ऑर्गनशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, तसा मंचावरच्या खर्जाचा भार वाढत गेला. उघड्या पाठीचा विचार इथे कुणीच केला नाही, आणि ते बरोबरच झालं.

याचं कारण भिंतीत आहे, म्हणजे भिंत नसण्यात. मागून उघड्या खोक्याचं जे कौतुक होतं, हवेशीर, खोलीभर पसरणारा आवाज म्हणून, त्यातला निम्मा वाटा मागच्या लहरीचा असतो. खोकं भिंतीपासून एक मीटर पुढे असेल तर ती लहर दोन मीटरचा फेरा घालून, सेकंदाच्या सुमारे सहा हजारांश भाग उशिरा, पुढच्या लहरीत मिसळते आणि आवाजाला जाडी आणते. मागे बसलेल्या ड्रमवाल्यालाही गिटार नीट ऐकू येते. हेच खोकं शंकरपटाच्या रानात ठेवा. मागची लहर कनातीच्या कापडातून आरपार जाते, पलीकडे धानाचे बांधे, तिथून परत काही येत नाही. राहतो तो फक्त खर्जाचा तोटा. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. हजारो माणसं जमिनीवर बसलेली असताना निम्मी ताकद जंगलाकडे पाठवणं कुणाला परवडेल?

तरी मंडपातली बेसची खोकी पूर्ण बंद नसतात, हेही लक्षात घ्यायला हवं. त्यांच्या पुढच्या बाजूला गोल भोकं किंवा आडव्या फटी असतात. आतली हवा आणि ते भोक यांचं माप नेमकं जुळवलं, की मागची उलटी लहर आत फिरून सुलटी होते आणि पुढच्या लहरीला मदत करत बाहेर पडते. ही युक्ती जुनी, पण तिचं गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलं. आज कुठलाही सुतार मोबाइलवर स्पीकरचे आकडे घालून पेटीचं माप काढतो, ते या दोघांचं देणं. अंदाजाने पाडलेल्या भोकाची खोकी मात्र एकाच सुरावर भों-भों करतात. तशी खोकी मंडईत हवी तेवढी ऐकायला मिळतात.

खर्ज वाढला तसा त्रासही वाढला. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू केले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आली. पुढे वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरती, जास्तीत जास्त पंधरा दिवस, बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हे नियम आणखी पक्के केले. रात्रभर चालणाऱ्या रंगभूमीला हा कायदा सोयीचा नाही, हे उघड आहे. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’चे कार्यक्रम गाजले होते; शांतता क्षेत्राच्या नियमांनी त्या खुल्या मंचावरचा मोठा आवाज थांबवला. रंगभवनाचा प्रश्न शहराचा होता आणि पर्यायी सभागृहं होती. मंडईच्या गावात बंदिस्त नाट्यगृह कुठून आणायचं?

यावर ध्वनी अभियंत्यांनी शोधलेला एक मार्ग या सगळ्या इतिहासात विलक्षण आहे. खोल खर्ज बंद खोक्यातूनही फक्त पुढे जात नाही, तो चारी दिशांना पसरतो. म्हणून मंचामागच्या वस्तीला त्याचा ताप होतो. मोठ्या मैफलींत आता बेसच्या खोक्यांपैकी काही मुद्दाम उलटी, पाठ प्रेक्षकांकडे करून ठेवतात आणि त्यांचा आवाज काही हजारांश सेकंद उशिरा व उलटा करून सोडतात. मागच्या बाजूला दोन्ही लहरी एकमेकींना खातात, पुढच्या बाजूला एकमेकींना धरून राहतात. जी काटाकाटी टाळण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी फळी लावली, पाठ बंद केली, तीच आता पैसे देऊन, मोजूनमापून घडवून आणली जाते. झाडीपट्टीच्या साउंडवाल्यांकडे यासाठी लागणारी खोकी आहेतच. लागतो तो एक डिजिटल प्रोसेसर आणि मांडणी समजून घेण्याची तयारी. नाटकाचा आवाज बसलेल्या प्रेक्षकांवर राहिला आणि मागच्या वाडीतल्या झोपलेल्या लेकरावर गेला नाही, तर कायद्याशी होणारी निम्मी भांडणं तरी कमी होतील.

गिटारवाल्यांचं म्हणाल तर खोक्याची पाठ आता आकड्यांत गेली आहे. खोक्यासमोर माइक धरून त्याचा प्रतिसाद एकदा मोजून ठेवला, की तळहाताएवढ्या उपकरणात उघडी पाठ, बंद पाठ, चार स्पीकर, एक स्पीकर, हवं ते बटण दाबून मिळतं. गोंदियातला मुलगा हेडफोन लावून मार्शलची भिंत वाजवू शकतो आणि शेजारच्या खोलीत कुणाची झोप मोडत नाही. ज्याला खरंच खोकं घ्यायचं असेल, त्याने वादात न पडता जागा पाहावी. दहा बाय बाराच्या खोलीत, भिंतीपासून हातभर पुढे ठेवायचं असेल तर मागून उघडं घ्यावं. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा मैदानात वाजवायचं असेल तर बंद.

झाडीबोलीची साहित्य संमेलनं आणि झाडीपट्टी नाटकांचे महोत्सव भरवणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. लेखक, नट, दिग्दर्शक यांच्या सोबतीने एक सत्र बिछायत केंद्रवाल्यांसाठी आणि साउंड ऑपरेटरांसाठीही ठेवावं. अर्जुनी, नवेगावबांध, लाखांदूर, वडसा इथल्या जुन्या दुकानांच्या माळ्यांवर भोंगे, युनिटं, कॉलम आणि भाडेवह्या पडलेल्या असतील, तर त्या भंगारवाल्याकडे जाण्याआधी कुणीतरी त्यांचे फोटो काढावेत, त्यांवरची कंपन्यांची नावं आणि सालं उतरवून घ्यावीत, आणि ते सामान ज्यांनी बैलगाडीतून नाटकाला नेलं त्या वृद्धांशी बोलून घ्यावं. येत्या हिवाळ्यातच हे काम सुरू व्हावं.